पुलावर धाप लागते, ऑक्सिमीटर म्हणतो ९८. हे अंगात रक्त कमी असल्याचं असेल का?

घणसोलीची_मी
मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण दुखणं म्हणावं असं काही नाहीये. आणि तेच विचारायचं आहे.

वय ३९. राहते घणसोलीला, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला. रोज ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उतरायचं, पूल चढून पश्चिमेला यायचं, पुढे बस. दीड-दोन वर्षांपूर्वी हा पूल माझ्या खिजगणतीतही नव्हता. आता सरकता जिना बंद असला की पोटात गोळा येतो. अर्ध्यावर थांबते, कठड्याला टेकते आणि मोबाइल काढून बघायचं नाटक करते, म्हणजे मागच्यांना वाटावं मेसेज आलाय.

बाकी बारीकसारीक: केस गळतात. ऑफिसमध्ये मे महिन्यात मी एकटी शाल घेऊन बसते. रात्री डावा कान उशीला लागला की आतून धप् धप् ऐकू येतं, शेजारच्या प्लॉटवर पायलिंग चालू असल्यासारखं. आणि एक विचित्र प्रकार, हसू नका. बर्फ खाते. सरबतातला नव्हे, नुसता. फ्रीजमधले दोन्ही ट्रे रात्रीत संपतात. नवरा म्हणतो, अंधारात उंदीर सुपारी फोडतोय असं वाटतं.

करोनातला ऑक्सिमीटर घरात आहे. लावून बघितला, ९८. जवळच्या डॉक्टरांनी छाती तपासली, बीपी घेतलं, म्हणाले स्ट्रेस आहे, वजन उतरवा, आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं. रक्त तपासायला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कॅम्पमध्ये एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ९.४ आलं होतं. तेव्हा लोहाच्या गोळ्या आणल्या, वीसेक दिवस घेतल्या, पोट बिघडलं, सोडल्या. पण तेव्हा तर मला काहीच होत नव्हतं!

पाळी सात-आठ दिवस चालते, गाठी पडतात, दुसऱ्या दिवशी काळाच ड्रेस. आईचंही असंच होतं, त्यामुळे आमच्या घराण्याचंच आहे असं धरून चाललेय.

तर हे सगळं रक्त कमी असल्याचं असतं, की चाळिशी, की सरळ आळस? सासूबाईंचं मत तिसरं आहे.


खाडीपलीकडचा
मंगळवार, रात्री ११:५८

एवढं टाइप करण्यापेक्षा उद्या सकाळी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, करा. दोन-चारशे रुपयांचं काम आहे. रिपोर्ट आल्यावर चर्चा करू.


अन्नपूर्णा_कोलबाड
बुधवार, सकाळी ७:१५

ताई, घाबरू नका. रोज सकाळी बीट आणि गाजराचा रस, एक डाळिंब, चार खजूर, जेवणानंतर गुळाचा खडा. माझ्या जावेचं एका महिन्यात भरून आलं. गोळ्यांनी उष्णता होते, त्यापेक्षा घरचं बरं.


सुईवाली
बुधवार, दुपारी २:३०

घणसोलीकर, मी तुला अगं-तुगं करणार, राग मानू नकोस. एकतीस वर्षं नौपाडा, चरई, पाचपाखाडीत घरोघरी जाऊन रक्त काढलंय, आता रिटायर आहे. डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पाहिलंय आणि भोगलंय ते सांगते.

तू "मोबाइल बघायचं नाटक करते" असं लिहिलंस, मला तिथेच कळलं. बर्फ नंतर वाचला.

हळूहळू उतरलेल्या रक्ताचं असंच असतं. दुखत काही नाही. बाई आपला दिवस गुपचूप आखूड करत जाते आणि प्रत्येक कपातीला एक छान कारण सापडतं. माझं सांगते. वय ४६. चरईत तेव्हा बिनलिफ्टच्या जुन्या इमारती पुष्कळ. तिसऱ्या मजल्यावरचे कॉल मी लॅबमधल्या पोराला द्यायला लागले. कारण, गुडघे. मग गच्चीवर पापड घालणं बंद केलं. कारण, ऊन सोसत नाही. मग पोळ्या खाली बसून लाटायला लागले. कारण, ओट्याची उंची चुकलीय. आमच्या ह्यांनी तर गवंड्याला बोलावून ओटा दोन इंच खाली घ्यायचा खर्चसुद्धा विचारून ठेवला! एवढ्या सगळ्या कारणांत रक्त कुठेच नव्हतं. आणि माझा धंदा काय, तर रक्त काढायचा.

मग एक दिवस पाचपाखाडीत एका आजींच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होते. आजी ८१ वर्षांच्या. माझ्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "माझं कशाला काढतेस गं? तुझंच काढ. तुझी नखं माझ्यापेक्षा पांढरी आहेत." मी हसण्यावारी नेलं. खाली आले, स्कूटरला टेकले आणि उजेडात हात धरला. नुसती पांढरी नव्हती. अंगठ्याचं नख मधे खोलगट झालेलं, कडा वर आलेल्या. बाटलीतलं पाणी ओतून बघितलं तर थेंब नखात बसून राहिला, ओघळला नाही. दोन वर्षं मी ते साबणाच्या पावडरीमुळे समजत होते.

त्या संध्याकाळी पोराकडून रक्त काढून घेतलं. जांभळ्या झाकणाची नळी मशीनला लावली. ६.८. पोरगा म्हणाला, "मॅडम, सॅम्पल नीट हललं नसणार, परत लावतो." परत लावलं. ६.७.

मी शिकले तेव्हा हे मशीन नव्हतं. साहलीची पद्धत होती. काचेच्या नळीत खालच्या खुणेपर्यंत पातळ अ‍ॅसिड, त्यात बोटातलं रक्त, पिपेटने तोंडाने ओढून घेतलेलं. दहा मिनिटं थांबायचं, चहासारखा तपकिरी रंग यायचा. मग थेंब थेंब पाणी घालत ढवळत राहायचं, शेजारच्या तपकिरी काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत. चांगल्या रक्ताला खूप थेंब लागायचे. काही बायकांच्या नळीत चार थेंबांत रंग जुळायचा आणि हातातलं ड्रॉपर तसंच राहायचं. असल्या नळ्या हजारो बघितल्या असतील मी, आणि स्वतःची बघायची राहिली.

आता तुझ्या "तेव्हा तर काहीच होत नव्हतं" बद्दल. एखाद्याचं अपघातात भसकन रक्त गेलं तर माणूस तिथल्या तिथे आडवा होतो. पण तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. जुन्या जातात, नव्या येतात, आणि लोह कमी पडलं की नव्या थोड्या लहान, थोड्या फिक्या येतात. हे महिनोन्‌महिने चालतं, तोवर शरीर जुळवून घेतं. हृदय जोरात पळायला लागतं, आहेत त्या पेशी प्राणवायू जास्त सैल हाताने सोडतात. त्यामुळे ७-८ वर आलेली बाईसुद्धा लोकल पकडते, डबे भरते, पोरांचा अभ्यास घेते. बसल्या जागी ठीकच वाटतं. जिना चढताना, लोकलमागे धावताना, बादली उचलताना शिल्लक संपते. तुझा पूल तुला तेच सांगतोय. आणि कानातली पायलिंग म्हणजे तुझे स्वतःचेच ठोके. रक्त पातळ आणि वेगात वाहतंय, शांततेत कान उशीला लागला की ऐकू येतं. (कानातल्या ठोक्यांना दुसरीही कारणं असतात, म्हणून डॉक्टरांना हे आवर्जून सांग. लोक सांगत नाहीत, वेडं समजतील म्हणून.)

ऑक्सिमीटरने तर करोनानंतर फार बायकांना फसवलंय. तो खोटं बोलत नाही, तुझा प्रश्नच त्याच्या अखत्यारीत येत नाही. तू ट्रान्स हार्बरने येतेस ना? बारा डब्यांची गाडी. ऑक्सिमीटर सांगतो की आहेत त्या डब्यांतल्या शंभरातल्या ९८ सीट भरल्यात. डबे किती आहेत हे तो सांगतच नाही. तुझी गाडी आठच डब्यांची निघाली तरी सीट भरलेल्याच दिसणार. आणि योगायोग बघ, बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात. पुरुषाचं १३, गरोदर असेल तर ११.

बर्फाला हसत नाही. लोह कमी झालेल्या माणसाला नको ते खावंसं वाटतं. कुणाला बर्फ, कुणाला भाजकी माती, कुणाला भिंतीचा चुना, कुणाला पाटीवरची पेन्सिल. एका घरी मी रक्त काढत होते आणि ती बाई दुसऱ्या हाताने सुपातले कच्चे तांदूळ तोंडात टाकत होती. सासू ओरडतेय, "अगं, लग्नात पाऊस पडेल!" ती म्हणाली, "लग्न होऊन बारा वर्षं झाली, आता कुठला पडायचा." तिचं ७ च्या आसपास निघालं होतं. का होतं ते मला विचारू नका, पण होतं हे नक्की. तरी डॉक्टरांसमोर कोणी तोंड उघडत नाही, लाज वाटते.

घरी आरशात बघायचं तर खालची पापणी हलकेच ओढून आतला पडदा बघ. लालबुंद हवा, पिठल्यासारखा फिका नको. तळहात ताणून रेषा बघ. जीभ बघ, गुळगुळीत झालीय का, तिखट झोंबतं का. ओठांचे कोपरे चिरतात का. रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, सारखे हलवावेसे वाटतात, तेही ह्यातलंच असू शकतं. आपल्या सावळ्या कातडीवर तोंडाकडे बघून काही कळत नाही, "तू तर छान दिसतेस" म्हणतात लोक. मेंदी आणि नेलपॉलिशने नखंही झाकतात. आणि हेही सांगते की पापणी लाल दिसली म्हणून सुटलीस असं नाही. थोडं कमी असेल तर एकतीस वर्षं सुई धरलेल्या माझ्या डोळ्यांनाही कळायचं नाही. नळीच लागते.

तेव्हा सीबीसी कर, आणि डॉक्टरांना विचारून त्याच वेळी फेरिटिनही कर. फेरिटिन म्हणजे कोठारातलं लोह. कोठार आधी रिकामं होतं, हिमोग्लोबिन मागाहून पडतं. नुसतं एचबी बघणं म्हणजे ताटातला भात बघून कणगीचा अंदाज करण्यासारखं. फक्त अंगात ताप, सूज, जुनं दुखणं असेल तर फेरिटिन उगाच वर दिसतं, हे डॉक्टरांना माहीत असतं.

अन्नपूर्णाताई, तुमच्या जावेला बरं वाटलं, आनंद आहे. पण बिटाचा लाल रंग लोहाचा नव्हे. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, डाळिंबात त्याहून कमी. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. हिशेब तुम्हीच करा, किती किलो बीट होतं. खायचंच तर हळिवाचे लाडू खा, कडधान्यं, पालेभाजीवर लिंबू पिळा, चालत असेल तर कलेजी खा, लोखंडी कढई वापरा. आणि जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकला, तो लोह अडवतो. पण हे सगळं १२ चं ११ होऊ नये म्हणून. ८ वर गेलेलं रक्त रसाने वर येत नाही.


घणसोलीची_मी
बुधवार, रात्री १०:०५

काकू, पापणी ओढून बघितली. नवऱ्याची बघितली, मुलीची बघितली, मग परत माझी. तिघांच्या तीन रंगांच्या आहेत. उद्याच जाते.


खाडीपलीकडचा
बुधवार, रात्री १०:३०

डब्यांचं उदाहरण चोरतोय. आमच्या ऑफिसात तीन जण ऑक्सिमीटर बॅगेत घेऊन फिरतात.


घणसोलीची_मी
शुक्रवार, संध्याकाळी ६:५०

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ७.९. एमसीव्ही ६४, आरबीसी ३.९, आरडीडब्ल्यू १९. फेरिटिनचा उद्या येईल. बाणच बाण आहेत, अर्धे खाली अर्धे वर. लॅबमधली मुलगी म्हणाली, मॅडम तुम्ही एकट्या आलात?


सुईवाली
शुक्रवार, रात्री ८:१०

एकटीच गेलीस, आणि पूल चढून गेलीस. मी म्हटलं होतं ना.

एमसीव्ही म्हणजे पेशीचं आकारमान. ८० ते १०० हवं. ६४ म्हणजे पेशी बारक्या. आरडीडब्ल्यू वाढलाय म्हणजे एकसारख्या नाहीत, लहान-मोठ्या मिसळलेल्या. हा बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचा नमुना असतो, पण शिक्का फेरिटिन मारेल आणि डॉक्टर वाचतील. फिजिशियनकडे जा. आणि त्यांनी गोळ्या दिल्या की एवढ्यावर उठू नकोस. रक्त जातंय कुठे, हे विचार. तू पहिल्या पोस्टमध्ये उत्तर लिहिलं आहेस, पण "घराण्याचं" म्हणून बाजूला सारलंयस. सात-आठ दिवस आणि गाठी, हे घराणं नव्हे. माझ्या आईलाही तसंच होतं, मलाही, आणि माझ्या पोटात नारळाएवढा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाची गाठ, निघाला. आईला काय होतं ते आता कोण सांगणार.

बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, किंवा गोळ्या सुरू व्हायच्या आधीच डांबरासारखी चिकट काळी शी झाली, तर इथे लिहीत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.


मायनस_मायनर
शुक्रवार, रात्री ९:२५

फेरिटिन आल्याशिवाय लोह सुरू करू नका, एवढं सांगायला आलो. माझं हिमोग्लोबिन आयुष्यभर ११ च्या पुढेमागे. शाळेपासून "अशक्त". टॉनिकं, गोळ्या, कॉलेजात इंजेक्शनंसुद्धा. लग्न ठरल्यावर होणाऱ्या सासऱ्यांनी हट्ट केला म्हणून नीट तपासणी झाली. एमसीव्ही ६२, पण आरबीसी ५.९. म्हणजे पेशी बारक्या, पण संख्येने भरपूर. फेरिटिन व्यवस्थित. मग एचपीएलसी केलं, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी. त्यात ए-टू हा प्रकार ५.१ टक्के, वाढलेला. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचा सौम्य प्रकार. एवढी वर्षं कमी नसलेलं लोह भरत होतो!

डॉक्टरांनी सांगितलेला ढोबळ हिशेब: एमसीव्हीला आरबीसीने भागायचं. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय, वर आलं तर लोहाचा. माझं साडेदहा. ताई, तुमचं सोळाच्या वर येतंय, तेव्हा तुमचं बहुधा लोहाचंच. पण हा नुसता अंदाज असतो, दोन्ही एकत्रही असू शकतं.

मला त्रास काही नाही, मायनरला सहसा नसतो. पण नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे ह्याच आजाराच्या गंभीर प्रकाराचं, होण्याची शक्यता २५ टक्के. सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी कुटुंबांत प्रमाण जास्त म्हणतात म्हणून बाकीचे निर्धास्त असतात. मी कोकणस्थ आहे. पत्रिका बघता तशी ही एक चाचणी बघा.


वडिलांचा_मुलगा
शुक्रवार, रात्री ११:४५

विषय बायकांचा चाललाय म्हणून थोडं कचरत लिहितो. माझे वडील, ६७. रोज तलावपाळीला तीन फेऱ्या मारणारा माणूस, एका फेरीवर आला. बाकावर बसून राहायचे. आम्ही म्हटलं, वय. चेहरा फिका दिसतो म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एचबी केलं, ८.६. लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत १०.५ झालं, आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले. गोळ्या संपल्या, चार महिन्यांत परत ८. परत गोळ्या. असं तीनदा.

चौथ्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्यांना पाळी येत नाही, मग लोह जातं कुठे?" आम्ही गप्प. कोलोनोस्कोपी केली. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ. थोडं थोडं रक्त रोज जात होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं. पोटात दुखणं नाही, काही नाही. थकवा हे एकच लक्षण. ऑपरेशन झालं, आज दोन फेऱ्या मारतात.

पुरुष, आणि पाळी गेलेल्या बायका. ह्यांचं लोह कमी निघालं तर आधी पोट तपासा. मूळव्याध असली तरी तिच्यावर ढकलून मोकळे होऊ नका, आम्ही तेही केलं होतं. गुडघ्यांसाठी रोज पेनकिलर खाणाऱ्यांच्या जठरातूनही असंच झिरपू शकतं.


सुईवाली
शनिवार, सकाळी ९:००

वडिलांचा मुलगा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. गोळ्यांनी वर येतं आणि सोडल्या की पडतं, तेव्हा टाकीला भोक आहे. आम्ही लॅबमध्ये तीच तीच नावं दर चार महिन्यांनी बघायचो आणि आमचं काम रिपोर्ट देण्याचं म्हणून गप्प बसायचो. हे आत्ता लिहिताना बरं वाटत नाहीये.


चकली
शनिवार, सकाळी ११:२०

माझी उलटी गंमत. थकवा तोच, धाप तीच, पण पावलांना मुंग्या आणि जीभ सोलल्यासारखी लाल. एमसीव्ही १०८. पेशी मोठ्या! बी-१२ तळाला. शाकाहारी, त्यात दहा वर्षं डायबेटिसची मेटफॉर्मिन, ती बी-१२ कमी करते हे मला तेव्हा कळलं. लोहाच्या गोळ्यांनी माझं काहीच झालं नसतं. मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका, नसांचं नुकसान उशीर झाला तर पूर्ण भरून येत नाही. माझी उजव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत.


अन्नपूर्णा_कोलबाड
शनिवार, दुपारी १:००

सुईवालीताई, जावेला रात्री फोन केला. ती बिटाच्या रसाबरोबर डॉक्टरांच्या गोळ्याही घेत होती म्हणे. मला सांगितलंच नव्हतं.


सुईवाली
शनिवार, दुपारी १:२०

:) हळिवाचे लाडू पाठवा आता दंड म्हणून.


घणसोलीची_मी
चार आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:१५

धागा वर काढतेय. फेरिटिन ५ आलं होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात चार सेंटिमीटरची गाठ. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला आलेली आहे, म्हणून अंगावरून एवढं जातं असं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या. सध्या जास्त जाऊ नये म्हणून गोळ्या आहेत, गाठीचं काय करायचं ते रक्त भरल्यावर ठरवायचं. मागच्या वेळी पोट बिघडलं होतं आणि आकडाही कमी, म्हणून ह्या वेळी सलाईनमधून लोह दिलं, आठवड्याच्या अंतराने दोनदा. रक्त चढवावं लागेल म्हणून घरात सगळे घाबरले होते, पण तशी वेळ आली नाही.

आज एचबी ९.८ आहे. पूल अजून एका दमात होत नाही. पण बर्फ! पहिल्या सलाईननंतर पाच-सहा दिवसांतच सुटला. एचबी फारसं हललंही नसेल तेव्हा. एका रात्री ट्रे काढला, एक खडा तोंडात टाकला आणि नुसतं गार पाणी लागलं. दातांना झिणझिण्या आल्या. थुंकून टाकला. नवरा अंधारातून म्हणाला, "उंदीर मेला वाटतं."

सासूबाई पहिल्यांदा स्वतःहून म्हणाल्या की त्यांचंही तपासून घेऊ. निघालं १०.२. आता त्यांच्या पोटाची तपासणी आहे पुढच्या आठवड्यात, वडिलांचा मुलगा ह्यांची पोस्ट मी मोठ्याने वाचून दाखवली.

काकू, एक शेवटचं. मुलगी १४ वर्षांची. तिच्या कंपासमध्ये पाटीवरच्या पेन्सिलींचा अख्खा डबा सापडला. पाटी घरात नाहीये. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात, ती म्हणे मैत्रिणी टॉयलेटमध्ये टाकतात, तोंड काळं होतं म्हणून. हिचंही तपासू का? एवढ्या लहान वयात?


सुईवाली
रविवार, दुपारी ४:४०

लहान कुठली, पाळी सुरू झालीय ना तिची? ह्याच वयात तर वाढही होते आणि रक्तही जायला लागतं. त्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आहे, उगाच नाही वाटत सरकार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांत रक्त कमी निघालं होतं. तिच्या वर्गाकडे बघ आणि हिशेब कर. गोळी चावून खात असतील, म्हणून तोंड काळं होतं. पाण्याबरोबर गिळायची, जेवण झाल्यावर. शी काळी होईल, त्याला घाबरायचं नाही. वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात तीही टाकू देऊ नकोस.

पेन्सिलींवरून ओरडू नकोस, डबाही जप्त करू नकोस. डॉक्टरांना दाखव तो.

आणि सीबीसीला उपाशी न्यायची गरज नाही, फेरिटिनलाही नाही. पोहे खाऊन ने, नाहीतर सुई बघून चक्कर येईल ती वेगळीच.